पणजीचं माहेर कुठलं? कुटुंबाच्या कागदांतून एका बाईचं आयुष्य शोधताना



सहावी-सातवीच्या इतिहासात ‘इतिहासाची साधने’ हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. भौतिक, लिखित आणि मौखिक साधने मुलं पाठ करतात. उदाहरणं मात्र ताम्रपट, शिलालेख आणि बखरी यांचीच देतात. हीच तिन्ही साधनं प्रत्येकाच्या घरात असतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून या लेखात एक उपक्रम सांगतोय: आपल्या घराण्यातली एक बाई निवडायची, शक्यतो पणजी, आणि ती कुठून आली, कशी जगली हे कागदांवरून आणि आठवणींवरून शोधायचं.

बाईच का?

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तेव्हापासून नांदेड-लातूरकडच्या गावोगावी जुन्या नोंदी शोधायचं काम सुरू झालं. तहसीलमधली दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना, उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली. अनेक घरांत पहिल्यांदाच वंशावळ कागदावर उतरली. चांगलंच झालं. पण ती वंशावळ एकदा नीट बघा. बाप, आजोबा, पणजोबा, खापर पणजोबा. आई नाही, आजी नाही, पणजी नाही.

खरं म्हणजे घराण्यात बाहेरगावाहून आलेलं माणूस म्हणजे बाईच. पुरुष त्याच वाड्यात जन्मला आणि त्याच शिवारात गेला. ती मात्र गाव सोडून, बरेचदा नावही सोडून, कधी बोलीसुद्धा बदलून आली. प्रत्येक घरातली पहिली स्थलांतरित तीच.

जगात इतरत्र अशा बायकांचा माग लागतो. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्यानंतर पाद्री घरागणिक वही ठेवू लागले. घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्म, आणि कोण कुठून आलं, कुठे गेलं हे त्यात लिहिलं जाई. लग्नानंतरही तिथल्या बायका बराच काळ वडिलांच्या नावावरूनच ओळखल्या जात. साधारण १८५० ते १९३० या काळात बारा लाखांहून जास्त स्वीडिश लोक अमेरिकेला गेले. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीचं मूळ गाव तिची पणती आज या वह्यांमधून शोधू शकते. मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटिया मजूर गेले, त्यात मराठी माणसंही होती. तिथे उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळाला, नाव-गाव लिहिलं गेलं. ती रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत.

आपल्या पणजीने समुद्र ओलांडला नाही. बैलगाडीत बसून ती दहा-वीस कोसांवर सासरी आली. त्या प्रवासाची नोंद कुणी केली नाही. म्हणून शोध थोडा अवघड आहे, पण अशक्य नाही.

आधी नावं गोळा करा

एका बाईला किमान तीन नावं असतात. माहेरचं नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं सासरचं नाव, आणि हाक मारायचं नाव: माय, आक्का, बाई, जिजी. घरच्यांना बहुतेक वेळा तिसरंच माहीत असतं आणि कागदावर दुसरं असतं. माहेरच्या गावात विचारायचं तर पहिलं नाव लागतं. म्हणून तिन्ही नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा, सोबत तिच्या वडिलांचं, भावांचं नाव आणि माहेरचं आडनावही लिहा. माहेरच्या कागदात ती सापडली नाही तरी तिचा भाऊ सापडतो.

आपल्याकडच्या जुन्या कागदांत काही खुणा असतात, त्या मुलांना शिकवा:

- पि. म्हणजे पिता. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. ‘अमुकबाई भ्र. तमुकराव’ असं लिहिलेलं असतं.
- जुन्या निजामी वळणाच्या कागदात वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे विधवा.
- सौ. असेल तर कागद झाला तेव्हा नवरा हयात होता. गं. भा. (गंगाभागीरथी) असेल तर नव्हता. या दोन अक्षरांवरून पणजोबा साधारण कधी वारले याचा अंदाज बांधता येतो.
- अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नवरा वारला, मुलं लहान, तेव्हा सातबारावर मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं येतं.

जिल्हा आणि राज्य तपासा

नांदेड-लातूरच्या शोधात गाडी अडते ती इथे. पणजीचं लग्न झालं तेव्हाचा नकाशा आजचा नव्हता. आपला भाग हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. लातूर जिल्हा तर १९८२ चा, त्याआधी तो उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता.

१९५६ च्या विभागणीत बारीक फेरबदल झाले:

- उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. ते आपल्याकडे आले. भालकी, औराद, बसवकल्याण मात्र म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले.
- नांदेड जिल्ह्यातला मुधोळ, भैंसा, कुबीर हा भाग आणि देगलूर तालुक्यातला बिचकुंदा, जुक्कल हा भाग आंध्र प्रदेशात गेला. आज तो तेलंगणात आहे.
- किनवट तालुका तोवर आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो नांदेडला जोडला गेला.

आता समजा, पणजीचं माहेर भैंसा आणि सासर भोकर. लग्न झालं तेव्हा दोन्ही गावं एकाच नांदेड जिल्ह्यात. १९५६ नंतर माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात. भालकीहून उदगीरला आलेल्या बाईचंही तसंच. ती जागची हलली नाही, सीमाच तिच्या माहेरच्या वाटेवर येऊन बसली. माहेरच्या शाळेचं माध्यम पुढे बदललं, भावाच्या जमिनीचे कागद तेलुगू किंवा कन्नडमध्ये होऊ लागले. तिच्या माहेरचे कागद आपल्या तहसीलमध्ये शोधून सापडणार नाहीत. मुलांना नकाशावर ही रेषा आखायला सांगा. पाठ्यपुस्तकातली भाषावार प्रांतरचना त्यांना आपल्याच घरात भेटेल.

कोणत्या कागदात ती सापडते?

१. खासरा पत्रक. मराठवाड्यात १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पत्रक हा जमिनीचा पायाभूत कागद. त्यात शक्यतो पुरुषांची नावं असतात. पण पणजी तेव्हा विधवा असेल तर तिचं नाव दिसू शकतं.

२. फेरफार आणि वारस नोंद. खातेदार वारला की वारस लागतात. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार, ६-क म्हणजे वारस नोंदवही. तिथे ‘बायको’, ‘मुलगी’ अशा नात्यासह नावं येतात. एकाच फेरफारावर अख्खं कुटुंब हाती लागतं.

३. हक्कसोडपत्र. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मालमत्तेत मुलीलाही वारसा मिळाला. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. प्रत्यक्षात काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. बहीण भावासाठी हक्क सोडते. त्या कागदावर तिचं नाव, वय, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, राहण्याचं गाव, धंद्यापुढे ‘घरकाम’ आणि खाली अंगठा असतो. काही बायकांच्या आयुष्याची सगळ्यात सविस्तर नोंद हीच. माहेरच्या दप्तरात तिचं नाव आलं ते जमीन सोडताना. हा कागद मुलांसमोर ठेवला तर फार बोलायची गरज पडत नाही.

४. जन्म-मृत्यू नोंदवही. गाव नमुना १४ आणि पुढच्या काळातली ग्रामपंचायतीची नोंदवही. पणजीपेक्षा तिच्या मुलांच्या जन्माच्या नोंदी आधी शोधा. जी मुलं वाचली नाहीत, ती बरेचदा फक्त इथेच असतात.

५. शाळेचं जनरल रजिस्टर. हे आपल्याच कपाटात आहे. पणजी शाळेत गेली नसेल, पण तिचा मुलगा गेला असेल. त्याचं जन्मस्थळ बघा. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असल्याने थोरल्या मुलाचं जन्मस्थळ हेच कित्येकदा पणजीचं माहेर निघतं.

६. मतदार यादी आणि रेशन कार्ड. जमीन नसलेल्या घरांसाठी हे दोन महत्त्वाचे. यादीचीही एक गोष्ट सांगा. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं होतं.

सन कसा लावायचा?

जुन्या कागदावर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवा. फसली १३४७ म्हणजे १९३७-३८. शके असेल तर ७८ मिळवा. शके १८५९ म्हणजे १९३७-३८. पाचवीच्या मुलांना बेरजेचा हा चांगला सराव आहे. वय मात्र कागदावर अंदाजेच असतं, म्हणून दोन-तीन कागद जुळवूनच जन्मसाल ठरवा.

कागद नसेल तर?

१९९३ च्या किल्लारी भूकंपात औसा-निलंग्याकडच्या कित्येक घरांच्या ट्रंका ढिगाऱ्याखाली गेल्या. पालावर राहणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत ट्रंकच नसते. तिथे भौतिक आणि मौखिक साधनं कामी येतात. पितळी भांड्यावर कोरलेलं नाव आणि साल, आहेराची वही, गोधडीतलं जुनं लुगडं, हातावरचं गोंदण. आणि जात्यावरच्या ओव्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत भाऊ, माहेरची वाट आणि सासुरवास जागोजागी आहे.

आजीला विचारायचे प्रश्न सोपे ठेवा. ‘जन्म कधी झाला’ असं विचारू नका. ‘रझाकाराच्या वेळी पणजीच्या कडेवर कोण होतं?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती का?’ असं विचारा. साल आपोआप लागतं.

वर्गात घेताना

दोन गोष्टी सांभाळा. हक्कसोड, दुसरं लग्न, टाकलेली बाई, जात असे विषय निघतात. मुलांनी घरी काय लिहिलं ते वर्गात वाचून दाखवायची सक्ती करू नका. आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याला कमी लेखू नका. आजीच्या तोंडून ऐकून लिहिलेलं एक पानसुद्धा साधनच आहे.

पालकांना एक विनंती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला आहे. पुढच्या पिढीला आई शोधावी लागणार नाही. पण पणजीला ओळखणारी माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. कागद तहसीलमध्ये अजून काही वर्षं राहतील, ही माणसं तितकी थांबणार नाहीत. म्हणून या सुट्टीत आधी आजीजवळ बसा, दप्तर नंतर. वंशावळीच्या कागदावर प्रत्येक पुरुषाच्या शेजारी एक चौकट रिकामी ठेवा आणि त्यात तिचं माहेरचं नाव आणि गाव लिहा.

हा उपक्रम आपल्या शाळेत नक्की करून बघा.