आबाजींची रिव्हॉल्वर आणि कंपनीचं पत्र: पैसे घालावे का?

(भागाचं लेखी रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)

जठारपेठेतून एका दादांचा व्हॉइस मेसेज आला होता, तो आधी ऐकवतो. "भाऊ, आमच्या आबाजीची एक रिव्हॉल्वर हाय, अमेरिकन, स्मिथ अँड वेसन. आबाजी गेले तवापासून ठाण्यात जमा हाय. लायसन माह्या नावावर करावं म्हणतो, तर घरचे म्हणतात काहून डोक्याले ताप, देऊन टाक सरकारले. मले एकानं सांगतलं का कंपनीचं पत्र मागवलं तर तिची किंमत दुप्पट होते. खरं हाय का?"

दादा, पत्र खरं आहे. दुप्पट किमतीचं मात्र आपल्याकडे खरं नाही.

जुन्या बंदूक कंपन्या प्रत्येक हत्यार नंबरनिशी वहीत लिहून गोदामाबाहेर काढत. कुठल्या तारखेला गेलं, कोणाकडे गेलं, नळी किती इंच, बोअर कुठलं, पॉलिश कसली, मूठ लाकडाची की रबराची. त्या वह्या आजही जपलेल्या आहेत. तुम्ही नंबर आणि फोटो पाठवायचे, फी भरायची, तिकडचा माणूस वही उघडून त्या नोंदीवरून सही केलेलं पत्र देतो. स्मिथ अँड वेसनचं काम त्यांचं हिस्टॉरिकल फाउंडेशन करतं, कोल्टचं त्यांचं स्वतःचं आर्काइव्ह. विंचेस्टरच्या वह्या तर कारखान्यात नाहीतच. त्या वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये आहेत.

खर्च? साधारण शंभर डॉलर धरा, कंपनी आणि मॉडेलप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे आपले आठ-नऊ हजार. आणि वही सगळ्यांची नसते. विंचेस्टरच्या 1894 मॉडेलचं बघा: 3,53,999 नंबरपर्यंतच्याच नोंदी उरल्यात, पुढच्या लाखो रायफलींच्या नाहीतच. म्हणून फी भरण्याआधी 'या नंबरची नोंद आहे का' हे विचारून घ्या.

अमेरिकेत या पत्रानं किंमत वाढते, कारण तिथे मोकळा बाजार आहे. पॉलिश मूळची की नंतर केलेली, नळी कापली का, हे पत्रावरून कळतं आणि घेणारा त्याचे पैसे मोजतो. आपल्याकडे घेणारा लायसनवालाच लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशानं आली तरी. त्यात वस्तू शंभर वर्षांच्या वर गेली की 1972 चा पुरावशेष कायदा लागतो. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा तिकडच्या लिलावाचे आकडे मोबाइलवर बघून हिशोब मांडू नका.

दुसरा एक गैरसमज. 'शंभर वर्षांची झाली म्हणजे अँटिक, लायसन कशाला?' असं नाही बापा. शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सूट दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा हत्याराला आहे. तुमची रिव्हॉल्वर चालू असेल तर वय तिला वाचवत नाही, आणि पत्रही नाही.

आता आठ-नऊ हजारांचं पत्र सांगतं काय आणि सांगत नाही काय. ते त्या हत्याराच्या आयुष्यातला एकच दिवस सांगतं: कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्याचा. बहुतेक पत्रांत पुढचं नाव निघतं एखाद्या घाऊक व्यापाऱ्याचं. 'मेळघाटात वाघ मारला म्हणून साहेबानं आबाजीला बक्षीस दिली', हे तिकडच्या वहीत कुठून सापडणार?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. 17 डिसेंबर 1928, लाहोर, सॉन्डर्स. पहिली गोळी राजगुरूंची. हेच राजगुरू काही काळ अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात होते. त्यानंतरच्या गोळ्या भगतसिंगांच्या .32 कोल्ट पिस्तुलातून सुटल्या. ते पिस्तूल पुढे पंजाबातल्या फिल्लौरला गेलं, 1969 मध्ये तिथून इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात आलं आणि तिथल्या संग्रहात इतर हत्यारांत मिसळून गेलं. गंज लागू नये म्हणून वर काळा रंग. 2016-17 च्या सुमारास एका पत्रकाराच्या पाठपुराव्यामुळे शोध सुरू झाला, रंग खरवडला आणि खाली नंबर निघाला: 168896. लाहोरच्या खटल्याच्या कागदात हाच. आता ते हुसेनीवालाच्या संग्रहालयात आहे. ते कोणाचं, हे ठरलं लाहोरच्या कुठल्याशा कारकुनानं नीट उतरवलेल्या सहा आकड्यांवरून. कारखान्याच्या पत्रात भगतसिंग हे नाव येऊच शकत नव्हतं.

म्हणून दादा, आधी इकडचे कागद. आबाजींचं जुनं लायसन बुक, दुकानाची पावती, नूतनीकरणाचे शिक्के, कलेक्टर ऑफिसमधली नोंद. खरेदीचं साल, कोणाकडून घेतली, हे तिथे निघतं आणि त्याला आठ हजार लागत नाहीत.

ज्यांच्याकडे विलायती बारा बोअर आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगतो. नळ्या काढून खालची बाजू बघा. मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. असे ठसे असतील तर ती बर्मिंगहॅमला 1904 किंवा त्यानंतर तपासली गेली. हे फुकटात कळलं. आर्मी अँड नेव्हीचं नाव असेल, तर मुंबईत काळा घोड्याजवळ त्यांची इमारत अजून उभी आहे, आणि त्यांच्या बंदुकांच्या वह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. ठासणीची किंवा मुंगेरची बंदूक असेल तर विलायतेत कोणाला पत्र लिहिणार?

नंबर वाचताना घोळ होतो, तोही सांगतो. स्मिथ अँड वेसनच्या नळीवर पेटंटच्या तारखा असतात, लोक त्यालाच नंबर समजतात. खरा नंबर मुठीच्या तळाशी. आणि या रिव्हॉल्वरच्या स्पॅनिश नकला भरपूर निघाल्या. नाव जवळपास तेच, अक्षर थोडं इकडेतिकडे. ती नक्कल निघाली तर स्मिथ अँड वेसनकडे तिची नोंदच नसणार. हत्यार ठाण्यात आहे, तर नंबर जमा-पावतीवर असेलच. तो लायसनशी जुळतो का बघा.

आणि हे सगळं करताना मुदत विसरू नका. जमा केलेलं हत्यार ठरलेल्या मुदतीत वारसानं लायसन काढून सोडवलं नाही किंवा विकलं नाही, तर कलम 21 प्रमाणे ते सरकारजमा होऊ शकतं. अमेरिकेहून पत्राची वाट बघण्यात महिने घालवू नका. 2016 च्या नियमांत नियम 25 वारसांसाठी आहे. बाकीच्या भावा-बहिणींची ना-हरकत घ्या आणि अर्ज आधी टाका.

लायसन झालं, रिव्हॉल्वर घरी आली, आणि तरी वाटलं की स्प्रिंगफिल्डहून ती कोणत्या दिवशी निघाली ते आबाजींच्या फोटोखाली लावावं, तर खुशाल मागवा. मीही मागवलं असतं. पत्र आलं की आम्हाला वाचून दाखवा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ.