घरी राहून व्यसनोपचार : स्वरूप आणि खर्चाची तरतूद

मी मराठी वाङ्मयाचा अध्यापक; वैद्यकशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. तरीही या वर्षीच्या स्मृतिपुस्तिकेसाठी हा विषय मी स्वतः मागून घेतला. त्यामागे दोन कारणे आहेत.

पहिले कारण अध्यापनाशी निगडित आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे १९१९ साली रंगभूमीवर आलेले नाटक मी जवळजवळ तीस वर्षे वर्गात शिकवले. सुधाकराच्या शोकांतिकेचे मूळ मनोनिग्रहाच्या अभावात आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे आणि परीक्षेत तेच उत्तर लिहून घेत असे. सुधाकर मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि अपमान वाट्याला येताच तो निश्चय ढासळतो, हा भाग मी घाईने ओलांडत असे. निश्चयाच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या महिन्यात त्या माणसाला कोणती मदत मिळायला हवी होती, हा प्रश्न मला कधी सुचला नाही.

दुसरे कारण घरातले आहे. माझा धाकटा भाऊ याच विद्यालयाचा विद्यार्थी. वाचकांपैकी काहींचा तो वर्गबंधू. भावजयीच्या संमतीने त्याचे नाव न घेता एवढेच सांगतो, की चाळिशीत तो दारूच्या आहारी गेला. २००९ ते २०१२ या काळात आम्ही त्याला तीन वेळा गोव्याबाहेरच्या एका निवासी केंद्रात ठेवले. भावजयीच्या पाटल्या गहाण पडल्या आणि माझ्या भविष्यनिर्वाह निधीचा बराच भाग खर्ची पडला. प्रत्येक वेळी तो अंगाने भरून, हसतमुखाने घरी परत आला आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा पिऊ लागला. केंद्रातून बाहेर पडल्यावर पुढे काय करायचे, हे आम्हांला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे २०१३ साली, पैसे संपले म्हणून, आम्ही त्याला सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नेले. पैसे असते तर कदाचित नेलेच नसते.

बाह्यरुग्ण उपचार म्हणजे काय?

रुग्णाने घरी राहायचे, जमेल तसे कामावर जायचे आणि ठरलेल्या दिवशी डॉक्टरांकडे व समुपदेशकाकडे यायचे, असे या उपचाराचे ढोबळ स्वरूप आहे. त्याचे टप्पे समजून घेतले तर खर्चाचा प्रश्नही नीट समजतो.

पहिला टप्पा तपासणीचा. माणूस किती पितो, किती वर्षे पितो, सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात का, पूर्वी झटके आले होते का, यकृताची अवस्था कशी आहे, मनात आत्मघाताचे विचार येतात का, घरी लक्ष ठेवणारे कोणी आहे का, हे सारे विचारले जाते. उपचार घरी राहून करता येईल की नाही, ते या उत्तरांवरून ठरते.

दुसरा टप्पा नशा उतरवण्याचा, आणि तो जपून पार पाडावयाचा. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. ‘खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत सुधारेल’ हा आपल्याकडचा जुना उपाय म्हणूनच घातक आहे. सौम्य किंवा मध्यम अवस्थेतील रुग्णाला हळूहळू कमी करत नेण्याच्या गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन, रोज किंवा दिवसाआड तपासून, हा काळ घरीच पार पाडता येतो. ज्याला पूर्वी झटके किंवा भ्रम झाला आहे, ज्याला दुसरा गंभीर आजार आहे किंवा ज्याच्याजवळ घरी कोणी नाही, त्याला मात्र काही दिवस रुग्णालयात दाखल करणेच योग्य.

तिसरा टप्पा सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्लक्षित. शरीरातून दारू गेली तरी ओढ राहते. ती कमी करणारी नाल्ट्रेक्सोन व अकाम्प्रोसेट ही औषधे आज उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. डायसल्फिराम हे जुने औषध वेगळ्या रीतीने काम करते : ते घेतलेले असताना दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलट्या, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. हे औषध रुग्णाच्या नकळत आमटीत कालवून देणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत. हेतू चांगला असला तरी असे कदापि करू नये. त्यातून मृत्यूही ओढवू शकतो, आणि रुग्णाचा घरच्यांवरचा विश्वास तर नक्कीच जातो.

औषधांच्या जोडीला समुपदेशन असते. कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कोणत्या वाटेने जाताना ओढ लागते आणि त्या क्षणी काय करायचे, याची उजळणी म्हणजे हे समुपदेशन. माझा भाऊ पगाराच्या दिवशी बँकेतून ज्या रस्त्याने येई, त्यावर तीन बार होते. समुपदेशकाने त्याला पहिली गोष्ट सांगितली ती त्या दिवशी दुसऱ्या बसने येण्याची. मला तेव्हा हसू आले होते.

या उपचाराला किमान वर्षभर तरी द्यावे लागते. या काळात माणूस पुन्हा एखाद्या दिवशी पिण्याचा संभव मोठा असतो. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण उपचार वाया गेला असे म्हणत नाही; तोच न्याय येथे लावावा लागतो. माझा भाऊ पहिल्या वर्षात दोनदा प्यायला. दोन्ही वेळा डॉक्टर रागावले नाहीत. पुढची तारीख तेवढी जवळची दिली.

गोव्यातील एक प्रयोग

अशा साध्या उपचाराने खरोखर काही होते काय, अशी शंका कोणीही घेईल. तिचे उत्तर योगायोगाने आपल्याच भूमीतून मिळाले आहे. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने येथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या, पण पूर्णतः दारूवर अवलंबून नसलेल्या, सुमारे पावणेचारशे पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला केंद्रातील डॉक्टरांचा नेहमीचा, थोडा सुधारलेला उपचार मिळाला. दुसऱ्या गटाला त्याशिवाय जास्तीत जास्त चार वेळा समुपदेशन मिळाले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. समाजातीलच सामान्य शिक्षणाची, पण या कामासाठी तयार केलेली माणसे होती. तीन महिन्यांनंतर, मागील पंधरवड्यात दारूला न शिवलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १८ टक्के, तर दुसऱ्यात ४२ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि वर्षभरानंतरच्या पाहणीतही तो लाभ टिकून राहिल्याचे दिसले.

यातून चार भेटींत सारे व्यसनी बरे होतात असा अर्थ काढू नये. पण गोष्ट हाताबाहेर जाण्यापूर्वी, जवळच्या आरोग्य केंद्रात, अल्प खर्चात पुष्कळ साधता येते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. असे असूनही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कसला तरी उपचार मिळालेला होता. पुरुषांत मद्यपानाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत त्या अहवालाने गोव्याचे नाव घेतले आहे.

खर्च कशाचा आणि तो कसा भागवावा

आता पैशाविषयी. येथे एक विसंगती प्रथम ध्यानात घ्यावी. आपल्याकडील आरोग्ययोजना प्रामुख्याने खाटेचा खर्च देतात. केंद्राची आयुष्मान भारत योजना (२०१८) कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, पण ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी. गोवा शासनाची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना (२०१६) हीसुद्धा त्याच धर्तीची. व्यसनाचा उपचार मात्र वर्षभराच्या येण्याजाण्यात असतो, आणि त्याला या योजनांचा फारसा आधार नाही.

खाजगी विम्याची स्थिती याहून चमत्कारिक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आणि मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा मिळावा, असेही म्हटले. परंतु २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने जी प्रमाणित अपवादांची यादी ठरवून दिली, तीत दारू व अन्य व्यसनांचा उपचार ‘आणि त्यांचे परिणाम’ वगळण्याची मुभा कंपन्यांना आहे. ‘परिणाम’ या एका शब्दामुळे पुढे यकृताच्या आजाराचा दावाही अडतो. म्हणून विमापत्रातील अपवादांचे पान आधी वाचावे. त्याचबरोबर, प्रस्तावपत्रात व्यसन लपवू नये. लपवल्याचे उघडकीस आल्यास सर्वच दाव्यांवर पाणी सोडावे लागते.

मग उरते काय? सुदैवाने बरेच काही उरते. बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आणि म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभाग ही गोमंतकीयांना सहज गाठता येणारी ठिकाणे आहेत. बेळगाव-खानापूरच्या बांधवांना धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था जवळ पडते. सरकारी विभागात तपासणीचा खर्च नगण्य असतो. कामगार राज्य विमा योजनेत ज्यांचा पगार कापला जातो, त्यांना आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील कर्मचारी व निवृत्तांना बाह्यरुग्ण सेवाही मिळते. हा हक्क असूनही, बोभाटा होईल या भीतीने, पुष्कळ जण तो वापरत नाहीत. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हे उपरोक्त कायद्यानेच बंधनकारक केले आहे, हे त्यांना सांगावे. औषधे मूळ नावाने लिहून घेतल्यास जनऔषधी केंद्रात ती स्वस्तात मिळू शकतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे.

आणि एक साधन असे आहे की ज्याला मुळीच पैसे लागत नाहीत. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी दोन मद्यासक्त माणसांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ जन्मली. तिच्या सभांना वर्गणी नसते. नाव-गावही विचारले जात नाही. कुटुंबीयांसाठी ‘अल्-अ‍ॅनॉन’च्या वेगळ्या सभा असतात. माझी भावजय तेथे जाऊ लागली, तेव्हा ‘मी कुठे चुकले’ हा प्रश्न तिने पहिल्यांदा बाजूला ठेवला.

निवासी केंद्रे निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थेने महाराष्ट्रातील आणि बाहेरील असंख्य घरे सावरली आहेत. पण केंद्र निवडताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? डॉक्टर कोण आणि ते किती वेळा येतात? आणि घरी गेल्यानंतर वर्षभर कोण विचारपूस करणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर हातातले सारे पैसे तेथे ओतू नयेत. पहिल्या तीन महिन्यांसाठी सर्वस्व पणाला लावले आणि पुढील नऊ महिन्यांसाठी बसभाडेही उरले नाही, ही चूक आम्ही तीनदा केली.

एक विनंती

माझा भाऊ २०१९ साली गेला. यकृत आधीच खराब झाले होते. परंतु शेवटची पाच वर्षे तो प्यायला नाही. मुलीच्या लग्नात तो शुद्धीवर, उभा राहून, पाहुण्यांचे स्वागत करीत होता. त्या पाच वर्षांचा खर्च मी एकदा वहीत मांडला. कदंबच्या बसचे भाडे, औषधे आणि रजेच्या दिवसांचा पगार. एवढ्याच नोंदी होत्या. सारी बेरीज निवासी केंद्राच्या एका खेपेच्या खर्चाहूनही कमी भरली. उपचार तीन-चार वर्षे आधी सुरू झाला असता तर कदाचित तो आजही असता, हे मला रोज वाटते.

भाऊ नोकरदार होता, म्हणून त्याला रजा मिळाली. रोजंदारीवरच्या माणसाला बांबोळीची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. तपासणी फुकट असूनही तो याचमुळे दुसऱ्या खेपेला येत नाही. शासनाची कोणतीही योजना ही मजुरी भरून देत नाही. आपल्या माजी विद्यार्थी संघाने दरवर्षी पारितोषिकांसाठी निधी जमवला आहे. तो चालू राहावाच. त्याच्या जोडीला एक लहानसा निधी असा असावा, की ज्यातून गावातील एखाद्या गरजू रुग्णाच्या वर्षभराच्या फेऱ्यांचे भाडे, औषधे आणि बुडालेली मजुरी दिली जाईल. नाव जाहीर करू नये, फलक लावू नये, समारंभ करू नये. ज्यांच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते ते गुरुजी फी थकलेल्या मुलांची फी कोणाला न सांगता भरीत असत. रीत त्यांचीच आहे. या निधीतला पहिला वाटा मी या पुस्तिकेसोबत मुख्याध्यापकांकडे दिला आहे.