उंबरठा आणि आगंतुक : अनूदित स्कँडिनेव्हियन भयकथेचे आकर्षण

स्कँडिनेव्हियन भयकथेच्या आकर्षणाची मीमांसा करताना दीर्घ रात्री, बर्फ आणि निर्जन अरण्ये यांचा निर्देश हमखास केला जातो. हे स्पष्टीकरण चुकीचे नसले तरी अपुरे आहे. परक्या निसर्गाचे कुतूहल प्रवासवर्णनानेही शमते. या कथा अनुवादातून दूरवर पोचल्या, त्यामागे आणखी एक कारण आहे. त्यांतील भुताने विचारलेला प्रश्न जिवंत माणसांच्या परस्परसंबंधांविषयीचा असतो.

या परंपरेची पाळेमुळे जुनी आहेत. नॉर्वेजियन लेखक युनास ली यांचा 'त्रोल' हा कथासंग्रह 1891-92 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. 1893 मध्ये निस्बेट बेन यांनी ली यांच्या निवडक कथा इंग्रजीत आणल्या. अर्ध्या होडीतून फिरणारा 'द्राउग' हे त्यांतील बुडून मेलेल्यांचे भूत. मच्छीमारांच्या उपजीविकेतील मरणभयाचेच ते रूप होय. सेल्मा लागरलोफ यांच्या 1912 च्या 'कोरकार्लेन' या स्वीडिश कादंबरीत वर्षअखेरच्या रात्री मृत्यूचा गाडा येतो, तो एका मद्यपी गृहस्थापुढे त्याने उद्ध्वस्त केलेल्या संसाराचा हिशेब मांडण्यासाठी.

योन आयविदे लिंडक्विस्ट यांच्या 2004 मधील कादंबरीत हा हिशेब व्यक्तीपुरता राहत नाही. एब्बा सेगरबर्ग यांच्या 2007 च्या इंग्रजी अनुवादाने आणि तोमास आल्फ्रेडसन यांच्या 2008 च्या चित्रपटाने ती जगभर पोचली. तिची इंग्रजी ओळख 'लेट द राइट वन इन' अशी आहे. तिचे स्थळ स्टॉकहोमचे ब्लाकेबेर्ग हे उपनगर, काळ 1981. येथे पडका वाडा नाही. आखीव इमारती, शाळा, वाचनालय, भुयारी रेल्वे असे कल्याणकारी राज्याने पुरविलेले सर्व काही आहे. नाही तो भूतकाळ आणि नाही ते शेजाऱ्याकडे असणारे लक्ष. बारा वर्षांच्या ऑस्करचा शाळेत छळ होतो. तो कोणाच्याच ध्यानात येत नाही. त्याला सोबत मिळते ती शेजारी राहावयास आलेल्या, रक्तावर जगणाऱ्या एलीची.

आमंत्रणावाचून रक्तपिपासूला घरात शिरता येत नाही, हा लोकसमजुतीतील जुना संकेत लिंडक्विस्ट शब्दशः स्वीकारतात. ऑस्कर आमंत्रण नाकारून पाहतो. तरीही उंबरठा ओलांडणाऱ्या एलीच्या अंगातून रक्त वाहू लागते. भय येथे विश्वासाच्या प्रश्नात रूपांतरित होते : कोणाला आत घ्यावे? नारायण धारपांच्या समर्थकथांचा परिचय असलेल्या वाचकाला एक भेद चटकन जाणवेल. तेथे अशुभाला आवरणारा एक जाणता पुरुष असतो. ब्लाकेबेर्गमध्ये असा कोणी नाही. वाचवणारे आणि संहार करणारे हात एकच आहेत. हा नैतिक पेच वाचकाला सुटकेचा निःश्वास टाकू देत नाही, आणि आकर्षणाचे रहस्य पुष्कळसे यातच आहे.

आकर्षणाचा दुसरा पदर भाषेचा आहे. एली हा मूळचा मुलगा असल्याचे कादंबरीत उशिरा उघड होते. तोवर निवेदन स्त्रीवाचक सर्वनाम वापरते. स्वीडिश शीर्षकातील 'रॅत्ते' या रूपाला पुरुषवाचक छटा आहे. इंग्रजीत ती लोपते. मराठी अनुवादकापुढे याहून कठीण प्रसंग उभा राहील, कारण स्वीडिश वा इंग्रजीत 'मी' म्हणणाऱ्याचे लिंग क्रियापदातून कळत नाही. मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' यांतून निवड करावीच लागते. निवेदनात 'पोर' हे नपुंसकलिंगी नाम योजावे, तर वाचक अकाली सावध होतो. मात्र 'मी येईन' हा भविष्यकाळ आणि 'मी पाहिले' हा कर्मणी प्रयोग बोलणाऱ्याचे लिंग झाकतात. एलीच्या संवादांपुरती ही वाट मोकळी आहे. जे रहस्य मूळ भाषेत विनासायास टिकते, ते मराठीत व्याकरणाच्या आधारे जपावे लागेल.

अशा कृतींचा अनुवाद म्हणजे केवळ कथानकाचे स्थलांतर नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. 2010 च्या अमेरिकन चित्रपटाने ही कथा न्यू मेक्सिकोत नेली. कथानक बहुतांशी टिकले, परंतु स्वीडिश कल्याणकारी व्यवस्थेतील एकाकीपण मागे राहिले. परका परिसर परका ठेवून त्यातील एकाकीपण ओळखीचे करून देणे, हेच अनूदित भयकथेचे बलस्थान होय. तिच्यातील आगंतुक दाराशी थांबतो. त्याला आत घेण्याचा निर्णय अनुवादकाला आणि वाचकाला जाणतेपणाने करावा लागतो.