बी टाकणाऱ्याचा भरवसा

कुरआनच्या विसाव्या अध्यायाचं नाव 'ताहा'. मक्केच्या काळात, म्हणजे इस्लाम अजून मूठभर घरांपुरताच होता तेव्हा, हा अध्याय अवतरला असं मानतात. त्यातल्या १३२ व्या आयतीत दोन विषय असे शेजारी बसले आहेत की पहिल्यांदा वाचणारा थबकतोच. पैगंबरांना तिथे घरच्या माणसांना नमाजला लावायला सांगितलं आहे, आणि स्वतःही त्यात नेटानं टिकून राहायला. लगेच पुढे विषय निघतो तो पोटापाण्याचा: देव माणसाकडे रोजी मागत नाही, ती तो स्वतः देतो. आणि शेवट गोड होतो तो तकव्याचा, म्हणजे देवाचं भान ठेवून नेकीनं वागणाऱ्यांचा.

त्या काळच्या अरबस्तानात मालक गुलामाला कामाला धाडत आणि त्याची कमाई स्वतः घेत. ज्याला ते जग ठाऊक होतं त्याच्या कानाला हे केवढं वेगळं लागलं असेल! इथला मालक कमाई मागत नाही, वर जेवूही घालतो. त्याला हवा आहे तो घरातल्या सगळ्यांनी मिळून दिलेला थोडा वेळ.

मग माणसानं हात जोडून बसून राहायचं का? मला या विषयात सगळ्यात जास्त भुरळ घातली ती या प्रश्नाच्या उत्तरानं. आणि ते उत्तर समजून घ्यायला जेऊरसारखं गाव फार सोयीचं आहे. जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यातलं रेल्वे स्टेशन. पुणे-सोलापूर लोहमार्ग करमाळा शहराला न शिवता इथून जातो. मुलूख पर्जन्यछायेचा. रोजी वरून येते की हातानं कमवावी लागते, हा इथे पुस्तकी प्रश्न नाही. दर मृगाला तो नव्यानं पडतो.

ते उत्तर ज्यांच्याकडून येतं त्या हजरत उमर यांची आणि या अध्यायाची गाठ कशी पडली ते आधी सांगायला हवं. परंपरेत सांगतात की उमर संतापानं पैगंबरांवरच चालून निघाले होते. वाटेत कळलं की सख्खी बहीण फातिमा आणि मेहुणे सईद यांनीही इस्लाम स्वीकारला आहे. ते तडक बहिणीच्या घरी गेले. आत 'ताहा'चं पठण चालू होतं. भांडण झालं, हात उगारला गेला, बहिणीच्या चेहऱ्यावर रक्त आलं. मग ओशाळलेल्या उमरांनी तेच लिखाण वाचायला मागितलं आणि त्यांचं मन पालटलं. पुढे हेच उमर खलिफा झाले. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या आठव्या शतकातल्या संग्रहात नोंद आहे की ते रात्री नमाज पढत, पहाट जवळ आली की घरच्यांना हाका मारून उठवत आणि 'ताहा'मधली हीच १३२ वी आयत म्हणत. जो अध्याय बहिणीच्या घरात त्यांच्या कानी पडला, तोच त्यांच्या स्वतःच्या घराचा पहाटेचा गजर झाला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो.

घरच्या नमाजची रचनाही बघण्यासारखी आहे. बाप आणि एकच मुलगा असेल तर मुलगा बापाच्या उजव्या हाताला उभा राहतो, आई मागे. मुलं वाढली की बाप पुढे एकटा, मागे मुलांची रांग, त्यामागे आई आणि मुली. मुलाला सातव्या वर्षापासून नमाजची सवय लावावी असं पैगंबरांचं सांगणं आहे. घर कबरीसारखं निर्जीव होऊ देऊ नका, काही नमाज घरातही पढा, असंही त्यांनी सांगितलं. आणि ते स्वतः घरात काय करत, असं हजरत आयेशांना विचारलं तेव्हा उत्तर साधं होतं: घरच्यांच्या कामात असत, नमाजची वेळ झाली की उठून जात. घरच्यांना नमाजला लावायचा अधिकार कशातून येतो, ते इथे मला दिसतं.

२०२० च्या रमजानमध्ये टाळेबंदीमुळे मशिदी बंद होत्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तेव्हा तरावीह, म्हणजे रमजानच्या रात्रीची खास नमाज, बैठकीच्या खोलीत झाली, २५ मेची ईदही घरातच. एरवी मागच्या रांगेत राहणारी पोरं त्या महिन्यात इमाम झाली.

आता जरा आभाळाकडे बघू. १३२ व्या आयतीच्या दोनच आयती आधी नमाजच्या वेळा सूचित केल्या आहेत, त्या सूर्यावरून: उगवण्याआधी, मावळण्याआधी, रात्रीच्या प्रहरांत, दिवसाच्या कडांना. म्हणजे प्रत्येक गावाचं घड्याळ त्या गावाचंच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची. जेऊर ७५ अंशांच्या जवळ. त्यामुळे जेऊरला सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराच्या सुमारास, आणि तो कलल्याशिवाय जुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजची, वेळ लागत नाही. मगरिब, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज, डिसेंबरात सहाच्या आसपास, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, वेळ तर सावलीवर ठरते. कोकणातले शाफई पंथाचे मुसलमान सावली वस्तूच्या एकपट झाली की असर मानतात, देशावरचे बहुतेक हनफी दुपटीला. ही मोजणी माध्यान्हीची सावली वगळून करायची. मेच्या मध्याच्या सुमारास मात्र जेऊरला शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा वगळायला काही उरतच नाही.

दिशेचंही तसंच. नमाज मक्केतल्या काबाकडे तोंड करून पढतात, आणि आपल्याकडे सगळे पश्चिमेला तोंड करतात असं आपण सहज म्हणतो. गणित मांडलं तर जेऊरहून मक्का सुमारे ३,७०० किलोमीटरवर आणि पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण ११ अंश सरकून आहे. हे कुणालाही पडताळता येतं. दरवर्षी २७-२८ मेला दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काबाच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी जेऊरच्या कुठल्याही अंगणात सरळ काठी रोवा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे जाणारी रेघ हीच किबल्याची, म्हणजे नमाजची, दिशा. ना होकायंत्र, ना मोबाइल.

आणि पाणी? नमाजआधी वजू, म्हणजे हात-तोंड-पाय पाण्यानं धुणं, लागते. पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून तोंडावरून आणि हातांवरून फिरवले की तयम्मुम होते, आणि ते वजूच्या जागी चालते. टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात ही सवलत किती मोलाची! पाऊस फारच लांबला तर मोकळ्या मैदानावर इस्तिस्काची, पावसासाठीची प्रार्थना होते. तिच्याआधी तौबा करावी, कुणाचं देणं बुडवलं असेल ते फेडावं, वैर मिटवावं असं सांगितलं आहे. पावसाचं मागणं हिशेब चुकता करण्यापासून सुरू होतं.

कुरआनमध्ये आणखी एक आश्वासन आहे: नेकीनं राहणाऱ्याला कल्पनाही नसेल अशा जागेवरून रोजी मिळते. तालुक्याच्या कडेला पसरलेलं उजनीचं पाणी बघितलं की हे आठवतं. करमाळ्यावर ढग नसतानाही घाटमाथ्यावर पाऊस झाला की मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड या नद्यांमधून पाणी भीमेत येतं आणि १९८० साली पुरं झालेलं हे धरण फुगतं. याच पाण्याखाली माणसांची राहती गावं गेली, हेही विसरता येत नाही. हिवाळ्यात या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. भरवशाचं उदाहरण म्हणून पैगंबरांनी पक्षीच दाखवले होते: सकाळी रिकाम्या पोटी निघतात, संध्याकाळी भरल्या पोटी परततात. पण निघतात, हे महत्त्वाचं. घरट्यात बसून राहिलेल्या पक्ष्याबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही. उंट मोकळा सोडून देवावर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्यालाही त्यांनी आधी तो बांधायला सांगितलं.

पुन्हा उमर. त्यांना काही रिकामटेकडे लोक भेटले, जे स्वतःला देवावर भरवसा ठेवणारे म्हणवत होते. उमरांनी ते मान्य केलं नाही, असं सांगतात. त्यांच्या लेखी खरा तवक्कुल, म्हणजे देवावर भरवसा, करणारा तो, जो आधी जमिनीत बी टाकतो आणि मग भरवसा ठेवतो. ही व्याख्या सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याइतकी लवकर कुणाला कळेल असं मला वाटत नाही. इथली रब्बी ज्वारी, मोहोळच्या केंद्रानं निवडलेली मालदांडी ३५-१ घ्या, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ताट उभं राहतं, थंडीच्या दवात पोसतं आणि फेब्रुवारीत कणीस हातात येतं.

इस्लामी कायद्यानं या दोन वाट्यांचा, देवाच्या आणि हाताच्या, चक्क हिशेब मांडला आहे. पिकावरच्या दानाला उश्र म्हणतात. आजच्या भारतातल्या जमिनींना ते कसं लागू होतं यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, पण मूळ नियम हदीसमध्ये स्पष्ट आहे. पावसावर, झऱ्यावर किंवा मुळांनी स्वतः ओढलेल्या ओलीवर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा गरिबांचा. पाणी कष्टानं उपसून दिलं असेल तर विसावा. म्हणजे ओलीवर आलेल्या ज्वारीच्या दहा पोत्यांतलं एक, आणि उजनीवर मोटार लावून पिकवलेल्या वीस पोत्यांतलं एक.