फेलोशिपचे दालन आणि बंद खिडक्या

इंदूरहून महूकडे जाताना वाटेत राऊ लागते. १९९६ साली स्थापन झालेली इंदूरची भारतीय व्यवस्थापन संस्था तेथील टेकडीवर उभी आहे. या संस्थेच्या संकेतस्थळावर उमेदवाराला अर्जापूर्वीच पुष्कळ काही कळते. लेखी परीक्षेला किती भार, मुलाखतीला किती, पूर्वीच्या गुणांना किती, शुल्क किती, हे सारे आकड्यांनिशी मांडलेले असते.

त्याच राऊत राहणारा, इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातून एम. एस. झालेला एखादा मराठी तरुण आता डोळ्यांपुढे आणावा. साडेपाच वर्षे एम. बी. बी. एस. आणि तीन वर्षे पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर मणक्याच्या शस्त्रक्रियेत फेलोशिप करावी असे त्याच्या मनात येते. तो मोठ्या शहरांतील रुग्णालयांची संकेतस्थळे चाळू लागतो. त्यास बहुधा दिसते काय? भव्य इमारत, संचालकांचा संदेश आणि यंत्रांची नामावळी! वर्षाकाठी किती शस्त्रक्रिया त्याच्या हाती येतील आणि कितींत त्याने नुसते उभे राहावयाचे, याचा पत्ता नसतो. विद्यावेतन, बंधपत्र, पूर्वीचे फेलो आज कोठे आहेत, याविषयीही मौनच.

याहून गंभीर प्रश्न मान्यतेचा. फेलोशिप हा एकच शब्द अनेक गोष्टींना लावला जातो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफ. एन. बी. निराळी, तिच्यासाठी देशव्यापी प्रवेश परीक्षा असते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची निराळी, आणि एखाद्या रुग्णालयाने स्वतःच्या सहीशिक्क्याने दिलेली त्याहून निराळी. तिसऱ्या प्रकारातही उत्तम शिक्षण मिळू शकते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आपले प्रमाणपत्र कोणाचे आणि ते कोठे ग्राह्य, हे पहिल्याच पानावर सांगण्यात संकोच कसला?

ज्येष्ठांना विचारले की सारे कळते, असे यावर सांगण्यात येते. ज्याचे ज्येष्ठ मुंबईत आहेत त्याला कळते, हे खरे. राऊच्या, सावंतवाडीच्या वा काणकोणच्या डॉक्टराने कोणाचे दार ठोठवावे? तोंडी माहितीवर चालणारी व्यवस्था ओळखीपाळखीचीच व्यवस्था होऊन बसते. चुकलेल्या निवडीत उमेदीचे एक वर्ष जाते, आणि जे कौशल्य त्याच्या गावच्या रुग्णांपर्यंत पोहोचावयाचे ते पोहोचत नाही.

अमेरिकेतही या बाबतीत सारे आलबेल नाही. तेथील संकेतस्थळांच्या उणिवा दाखविणारे लेख वैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार येतात. तथापि तेथील वैद्यक संघटनेची ‘फ्रीडा’ ही सूची बारा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त प्रशिक्षणक्रमांची माहिती एके ठिकाणी देते. आपल्याकडे २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांबाबत निकाल देताना खासगी व अभिमत विद्यापीठांना शिक्षणशुल्क, वसतिगृह, अनामत आदी सर्व रकमा समुपदेशनापूर्वी जाहीर करण्यास फर्मावले. फेलोशिपलाही हाच दंडक का नसावा? नव्या तुकडीची जाहिरात निघण्यापूर्वी मान्यता, विद्यावेतन, बंधपत्राच्या अटी आणि मागील वर्षीच्या फेलोने स्वहस्ते केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या, एवढे एका पानावर छापावे, आणि ते पान केव्हा अद्ययावत केले त्याची तारीखही खाली घालावी. याला फार मोठा खर्च येतो असे नाही.