प्रश्न न विचारणारा विद्यार्थी

मुलाला किंवा मुलीला कॉलेजात घालू नये असे म्हणणारे आपल्या सभासदांत आता कोणी उरलेले नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, फॉर्म, फी, सारी धावपळ आपण करतो. प्रवेश मिळाला की पेढे वाटतो. त्यानंतर थेट पहिल्या वर्षाचा निकाल लागेपर्यंत त्या मुलाचे वर्गात काय चालले आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. मूल गळते ते नेमके याच काळात. नापास होण्याच्या कितीतरी आधी ते गप्प झालेले असते. या गप्प बसण्याविषयी आणि त्यावर शिकविणाऱ्याने काय करावे याविषयी येथे थोडे सांगावयाचे आहे. आम्ही प्राध्यापक नाही. बँकेत कारकुनी करतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी संस्थेच्या अभ्यासवर्गात बसतो, एवढाच आमचा अधिकार.

बारावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अचानक इंग्रजी व्याख्यानासमोर बसतो. वर्ग मोठा, ओळख कोणाची नाही. सर शेवटी म्हणतात, "काही शंका असल्यास विचारा." कोणी विचारीत नाही. सर समजतात की सर्वांना समजले. वास्तविक शंका विचारायलाही थोडे समजलेले असावे लागते. काय अडले आहे हेच ज्याला सांगता येत नाही, तो उभा राहून बोलणार काय? त्यात आपण अडाणी ठरू ही धास्ती. आणि घरी विचारावे, तर कॉलेजची पायरी चढणारा घरातला तोच पहिला.

आमच्या हातूनही हीच चूक झाली आहे. अर्थशास्त्राचा वर्ग आम्ही घेत होतो. घेत होतो म्हणजे नोट्स उतरवून देत होतो. एक मुलगा अगदी नियमित येई, वही स्वच्छ, अक्षर देखणे. पहिल्या परीक्षेत दोन विषय गेले आणि तो यायचा थांबला. आम्ही घरी गेलो. वही चाळता चाळता सहज विचारले, "सीमान्त उपयोगिता म्हणजे काय रे?" तो शब्द त्याने निदान वीस वेळा लिहिला होता. त्याने मान खाली घातली. वही पूर्ण होती, आणि तीत त्याचे स्वतःचे असे एक वाक्य नव्हते. दोष त्याचा नव्हता. त्याला बोलण्याची वेळच आम्ही येऊ दिली नव्हती.

या बाबतीत अमेरिकेतील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन हे गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात मागे पडत. तयारी कमी, घरची ओढ नाही, अशी कारणे जो तो सांगे. ट्राइसमन यांनी कृष्णवर्णीय आणि चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळ बसून पाहिला. कृष्णवर्णीय मुले कष्ट भरपूर करीत, पण एकेकटी. चिनी मुले एकटी अभ्यास करून मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत. त्यावरून ट्राइसमन यांनी गटाने गणिते सोडविण्याचे वर्ग सुरू केले. ते 'कच्च्या' मुलांचे वर्ग नव्हते. उलट तेथे गणिते नेहमीपेक्षा कठीण दिली जात. मागे पडणारी मुले त्यातून पुढे आली. 'कच्च्यांचा वर्ग' अशी पाटी लावून आपण चांगल्या मुलालाही कच्चा करून ठेवतो, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

दुसरी पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांची. त्यांनी १९९१ पासून ती वर्गात आणली. थोडे शिकवायचे, मग विचार करायला लावणारा एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आपले उत्तर ठरवायचे. नंतर शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. आमच्या वर्गात आम्ही वडापावावरून प्रश्न केला. पहिल्या वड्याने मिळते तेवढे समाधान तिसऱ्याने मिळत नाही, म्हणजे सीमान्त उपयोगिता घटली. मग तिसरा वडा खाल्ल्यावर एकूण उपयोगिता वाढली की घटली? बहुतेक हात 'घटली' म्हणून वर गेले. शेजाऱ्याशी बोला म्हटल्यावर हॉलमध्ये असा काही गलका झाला की बाहेरून वॉचमन डोकावला. एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "अगं, कमी मिळालं तरी मिळालंच ना? मग वाढलीच!" पुढच्या वेळी बरेच हात बदलले. आमच्या नोट्सच्या चार पानांनी जे झाले नव्हते, ते त्या एका वाक्याने झाले. सर्वांसमोर न बोलणारे मूल शेजाऱ्याशी बोलते, आणि एकदा बोलले की पुढे सर्वांसमोरही बोलते.

आपल्याकडे ही दृष्टी नव्हती असे नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे, आणि जानेवारी १९५० मध्ये स्वतः बाबासाहेब तिच्यापुढे हिंदू कोड बिलावर बोलले. देशाचा कायदामंत्री आपल्यासमोर बोलतो आहे, हे त्या मुलांना काय देऊन गेले असेल!

अभ्यासाच्या सवयीविषयी थोडक्यात. आपली मुले धडा पुन्हा पुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. पण एका आठवड्यानंतर, वाचून झाल्यावर मजकूर मिटवून आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून आमच्या वर्गाची पहिली दहा मिनिटे वह्या बंद असतात. मागच्या वेळचे आठवेल तेवढे लिहायचे. त्याला गुण नाहीत.

एक बाब शिकविण्यातली वाटणार नाही, पण आहे. शिष्यवृत्ती अडकली की मुलाचे लक्ष पुस्तकात राहत नाही. महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतो आणि पैसे मात्र खात्यात नाहीत, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. पुष्कळदा आधार दुसऱ्याच बँकेतील जुन्या खात्याशी जोडलेले असते आणि रक्कम तिकडे जाते, किंवा ते खाते बंद असल्याने परत फिरते. बँकेत जाऊन आधार कोठे जोडले आहे एवढे पाहून घेतले तर महिन्यांची पायपीट वाचते. वर्ग सुरू होण्यापूर्वीचा अर्धा तास आम्ही यासाठी ठेवला आहे. मूल कागद घेऊन येते, आणि अडचणीचे दुसरे दार तेथेच उघडते.

वर्ग सुटताना आम्ही अर्धा कागद देतो. आज काय समजले नाही ते लिहायचे, नाव घालायचे नाही. पहिल्या संध्याकाळी निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. आम्ही त्यावर काही बोललो नाही, आलेल्या तेवढ्यांची उत्तरे पुढच्या वेळी आरंभीच दिली. हळूहळू कोऱ्या चिठ्ठ्या कमी झाल्या. "सर, तुम्ही फार भरभर बोलता" अशी एक आली, तीही आम्ही मोठ्याने वाचून दाखविली. तो वही घेऊन गेलेला मुलगा जूनपासून पुन्हा येऊ लागला आहे. खिडकीजवळ बसतो. परवाच्या चिठ्ठ्यांत देखण्या अक्षरातली एक होती: "मागणी आणि मागणीचे प्रमाण यात फरक काय? दोन्ही एकच वाटते." पुढचा वर्ग या प्रश्नाने सुरू करावयाचा आहे.