औषधी अळंबीची पूड : गुण किती व बोलबाला किती

अलीकडे वाळविलेल्या अळंबीची पूड, अर्क व गोळ्या यांचा बाजारांत मोठा बोलबाला झाला आहे. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, फार काय कर्करोगदेखील यांच्या सेवनानें बरा होतो, असें विक्रेते सांगतात. सातबाराचा उतारा व फेरफार पाहिल्यावांचून जमिनीचा सौदा करणें जसें शहाणपणाचें नाहीं, तसाच या मालाचाही पुरावा तपासूनच खिशांत हात घालणें इष्ट होय. तो पुरावा येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

अळंबीचा औषधी उपयोग आपणांस अगदींच नवा नाहीं. फणसाच्या जुन्या खोडावर येणारा कठीण, तपकिरी फणसांबा उगाळून मुलांची लाळ गळणें, तोंड येणें यांवर देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. चीन देशांत लिंगझी व जपानांत रेशी या नांवानें ओळखली जाणारी लांकडासारखी अळंबी अशीच पुरातन काळापासून औषधांत आहे. तिच्याच कुळांतील बुरशी आपल्याकडे नारळी-पोफळीचा बुंधा कुजविते. कर्नाटकांत पोफळीच्या या रोगास अणबे रोग म्हणतात. तथापि या कुळांतील जाती दिसण्यांत फार सारख्या असल्यामुळें बागेंतील छत्री तोडून औषध म्हणून घेण्याच्या भरीस कोणीं पडूं नये.

या अळंबींत बीटा-ग्लुकन नांवाचें द्रव्य असतें. शरीराचें रोगापासून रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींस त्यानें चेतना मिळते, असें प्रयोगशाळेंत आढळलें आहे. शिटाके अळंबींतून लेंटिनन हें द्रव्य जपानी संशोधकांनीं वेगळें काढल्याचें १९६९ सालीं प्रसिद्ध झालें, व पुढें १९८५ सालीं जपान सरकारनें जठराच्या कर्करोगांत वापरण्यास त्यास मान्यता दिली. परंतु तें शुद्ध केलेलें द्रव्य होतें, डॉक्टरांच्या हातून शिरेंत टोंचून दिलें जाई, आणि तेंही कर्करोगाच्या इतर औषधांच्या जोडीस. चमचाभर पूड दुधांतून घेणें व हा उपचार यांत महदंतर आहे.

प्रत्यक्ष रोग्यांवरील प्रयोगांचें काय ? उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनें रेशीचे कर्करोगावरील ५ प्रयोग एकत्र पाहिले. त्यांत ३७३ रोगी होते. नेहमींच्या उपचाराबरोबर रेशी दिलेल्या रोग्यांत कांहींसा अधिक गुण दिसला, पण मुख्य उपचार म्हणून ती देण्यास आधार सांपडला नाहीं. मधुमेही रोग्यांच्या हृदयविकाराच्या धोक्याविषयीं याच संस्थेनें २०१५ सालीं ३९८ जणांवरील प्रयोग तपासले. रक्तांतील साखर वा तो धोका कमी झाल्याचें सिद्ध झालें नाहीं. स्मरणशक्तीसाठीं विकल्या जाणाऱ्या ‘लायन्स मेन’ या पांढऱ्या, झुपकेदार अळंबीचा प्रयोग २००९ सालीं जपानांत ३० वृद्धांवर झाला. १६ आठवडे ती घेणाऱ्यांची बुद्धि तपासणींत कांहीं सुधारलेली दिसली, परंतु अळंबी बंद करतांच तो लाभ ओसरूं लागला. ३० माणसांवरून लाखोंचा निवाडा होत नाहीं.

मालाच्या खरेपणाचाही प्रश्न आहे. अमेरिकेंत विकत घेतलेल्या रेशीच्या १९ मालांची तपासणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील अवघे ५ वेष्टनावरील मजकुराशीं जुळले. कांहीं उत्पादक धान्यावर बुरशीचे तंतू वाढवून धान्यासकट दळतात. तेव्हां पुडींत पिष्टच फार येतें.

अपायही ध्यानांत ठेवावे. रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्यांस रेशीनें रक्तस्रावाचा धोका वाढण्याचा संभव असतो. मधुमेहाच्या औषधाबरोबर घेतल्यास साखर फाजील उतरूं शकते. रेशीच्या पुडीनें यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चागा नांवाच्या बुरशीची पूड सहा महिने घेणाऱ्या एका जपानी वृद्धेचे मूत्रपिंड निकामी झाल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. पण सर्वांत मोठा अपाय निराळाच आहे. रोगी पुडीच्या भरंवशावर चालू औषध सोडतो, वा गांठीची तपासणी लांबणीवर टाकतो, आणि गेलेला काळ कांहीं केल्या परत मिळत नाहीं.

कायदाही ग्राहकाच्या बाजूस आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या अधिनियमानें मधुमेह, कर्करोग आदि रोग बरे करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. आणि अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठीं नाहीं’ असें छापणें बंधनकारक आहे. तें वाक्य आधीं वाचावें, मग विक्रेत्याचें ऐकावें.

मग अळंबी टाकाऊ समजावी काय ? मुळींच नाहीं. भाताच्या पेंढ्यावर वा गव्हाच्या काडावर येणारी धिंगरी उत्तम आहार आहे. तिच्यांत प्रथिनें व तंतू असून चरबी अल्प असते. ताजे काप दुपारच्या उन्हांत ठेवल्यास त्यांत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतें. ती नीट शिजवूनच खावी, आणि रानांतील अनोळखी छत्री कधींही खाऊं नये.

औषधी अळंबीच्या लागवडीस भांडवल घालणाऱ्यांनींही ‘सर्व माल आम्ही घेऊं’ या तोंडी वचनावर विसंबूं नये. भाव, मुदत व माल नाकारण्याच्या अटी लेखी घ्याव्या. ज्यांस पूड घ्यावयाचीच आहे त्यांनीं ती डॉक्टरांस दाखवून घ्यावी व चालू औषध त्यांच्या आज्ञेवांचून सोडूं नये, एवढें सुचवून हा लेख पुरा करतों.